श्रीरंग समेवर आला

आंबेरीच्या राममंदिरात त्या संध्याकाळी बुवांच्या मागे, झीलकऱ्याच्या जागी, एक स्पीकर उभा होता. कुणीतरी त्याला झेंडूचा हार घातला होता. सगळ्यांना बुक्का लावत निघालेल्या गोदाक्का त्याच्यापाशी थबकल्या, याचं कपाळ कुठे असेल याचा अंदाज घेतला आणि जाळीच्या वरच्या काठाला बोट टेकवून पुढे सरकल्या. मंडपात हशा पिकला.

"दात काय काढताय?" गोदाक्का म्हणाल्या. "पोर चंद्रावर गेलं म्हणून त्याला बुक्का नको?"

पोर म्हणजे श्रीरंग. त्र्यंबकबुवा ओगल्यांचा धाकटा मुलगा. भूवैज्ञानिक, आणि सध्या चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ राहणाऱ्या दोन माणसांपैकी एक; दुसरी त्याची सहकारी लीना. रामनवमीच्या उत्सवात वडिलांच्या मागे टाळ घेऊन उभं राहायचं, हा त्याचा लहानपणापासूनचा नेम. नारदाच्या गादीवर बुवा एकटे उभे आहेत असं आपल्याला वाटतं खरं, पण मागचा झीलकरी नसेल तर कीर्तनाला पाठकणाच नाही. बुवांनी ओळ टाकली की ती त्याने उचलायची, घोळवायची, तेवढ्यात बुवांनी श्वास घ्यायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, सूर अखंड चाललाय.

बुवांनी आख्यान लावलं होतं बाळरामाच्या हट्टाचं. "रामाला चंद्र हवा! कौसल्यामाईने करावं काय? दशरथाच्या भांडारात सगळं आहे, पण चंद्र नाही. शेवटी आरसा पुढे केला. बाळ खूश! पण मंडळी, मला नेहमी एक शंका येते. त्या आरशावर बाळाने गाल टेकवला असेल, तेव्हा त्याला कळलं नसेल का हो, की हा चंद्र नव्हे, ही नुसती काच?" बुवांनी कळसाच्या वर आलेल्या अर्ध्या चंद्राकडे चिपळी रोखली. "आमच्या बाळाने आरसा घेतलाच नाही. थेट गेला!"

टाळ्या ओसरल्या आणि बुवांनी स्वतः रचलेलं पद उचललं. "देह पोकळ वेळू, रामा, फुंक तुझी, सूर तुझा…"

आणि मागच्या स्पीकरमधून श्रीरंगचा आवाज आला. "सूर तुझा, रामा, सूर तुझा…" नेमका समेवर. भरदार, गोड, कुठेही न तुटता.

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. खांबाला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या सुनीतीचेही डोळे भरून आले. ती श्रीरंगची थोरली बहीण. हा चमत्कार तिच्याच यंत्राचा होता.

---

चंद्रावरच्या माणसाशी बोलणं हे दिसतं तितकं सोपं नाही. आपला शब्द तिथे पोचायला सव्वा सेकंद, त्याचं उत्तर यायला तेवढाच वेळ, मधल्या उपग्रहांची आणि यंत्रांची उलाढाल धरली तर तीन सेकंद. ऐकायला किरकोळ वाटतं. पण घरच्या माणसाला "कसा आहेस?" विचारावं आणि त्याने तीन सेकंद गप्प राहावं, म्हणजे काय ते करून पाहा. माणसं एकमेकांचं बोलणं तोडतात, रुसतात, मग बोलणंच कमी करतात. त्यातून दक्षिण ध्रुवावरून पृथ्वी दिसते ती क्षितिजाला टेकलेली. डोंगरकडे आडवे येतात, संदेश मध्येच तुटतो, अर्धं वाक्य गिळलं जातं.

सुनीतीने यावर काढलेल्या उपायाचं नाव 'झील'. हा संगणक-कार्यक्रम आधी त्या माणसाची जुनी बोलणी ऐकून ऐकून शिकतो. मग समोरच्याचं वाक्य संपलं रे संपलं की त्या माणसाच्या आवाजात पहिले दोन-चार शब्द स्वतःच बोलतो आणि खरा आवाज पोचला की त्यात अलगद मिसळून बाजूला होतो. वाक्यात फट पडली तर ती भरतो. खरखर, ठसका, गोंगाट पुसून टाकतो.

आपण भरलं कुठे, हे मात्र तो कुणालाही दाखवत नाही. ती काम करायची त्या मोहिमेच्या केंद्रातल्या एकाने सुचवलं होतं, भरलेल्या शब्दांच्या वेळी पडद्यावर एक दिवा लावू या. सुनीतीने ते हसून उडवून लावलं होतं. बारा वर्षांची असताना अण्णांच्या, म्हणजे बुवांच्याच, मागे उभी राहून तिने एकदा पदाचा अख्खा अंतरा पेलला होता. अण्णांचा दम सुटला होता आणि मंडपात कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. घरी आल्यावर अण्णा म्हणाले होते, "झीलकरी असा हवा. आपण होतो हे कळूसुद्धा द्यायचं नाही." तिने यंत्र बांधलं ते त्या एका वाक्यावर.

---

आरती झाली. सुंठवडा वाटला गेला. अण्णा उपरण्याने घाम पुसत तिच्याजवळ येऊन बसले. चेहरा नुसता उजळला होता.

"सुने, ऐकलंस ना? श्रीरंग समेवर आला! जन्मात पहिल्यांदा!"

"हो ना अण्णा."

"अगं, हा पोरगा म्हणजे शेवटची एसटी. आली तर आली, तीसुद्धा उशिरा. पेटीवाले भिकाजी त्याला मागे चिमटे काढायचे. आणि आज बघ! चंद्रावर हवापालट मानवला त्याला."

"हवा नाहीये हो तिथे, अण्णा."

"तेच म्हणतो मी, हवा नाही तर एवढा दमसास आला कुठून?"

अण्णा हसले आणि चहाला उठले. सुनीती मात्र तिथेच बसून राहिली. हातातला सुंठवडा तिने तोंडात टाकलाच नाही.

पहिले तीन सेकंद यंत्राचे, हे ठरलेलंच होतं. ते समेवर येणार, कारण गाण्याचा ठेका यंत्र शिकलं होतं तिच्या आणि अण्णांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून. पण त्यापुढचं घोळवणं श्रीरंगचं असायला हवं होतं. खरा श्रीरंग मिसळला असता तर झील थोडी तरी मागे रेंगाळली असती. ती एकदाही रेंगाळली नव्हती.

चंद्रावरून येणारा कच्चा आवाज वेगळा साठवला जातो. तो कुणी ऐकत नाही; कशाला ऐकेल? सुनीतीने कानाला हेडफोन लावला आणि तो कच्चा आवाज सुरू केला.

"सूर तुझा…" एवढं आलं, तेही पुटपुटल्यासारखं. मग एक श्वास. मग कोरडा, खोलवरचा खोकला. मग नुसता श्वास, वाळक्या पानांच्या पातेऱ्यावरून पाऊल ओढावं तसा. अख्ख्या पदभर तेवढंच.

---

सड्यावरचं, चंद्राशी संपर्क ठेवणारं भूकेंद्र मंदिरापासून जवळच होतं. काळ्या कातळावर पांढरी प्रचंड तबकडी आकाशाकडे तोंड करून उभी. सुनीतीने स्कूटर तिथे कशी पोचवली हे तिला नंतर आठवलं नाही. कुटुंबीयांसाठी राखून ठेवलेल्या खोलीत ती शिरली, दार लावून घेतलं, चंद्राला साद घातली आणि झील बंद केली.

"श्रीरंग."

शांतता. सव्वा सेकंद जायला, सव्वा यायला. इतक्या दिवसांत तिने ही शांतता ऐकलीच नव्हती.

"ताई… कीर्तन… झकास झालं ना?"

"झील बंद आहे."

या वेळची शांतता तीन सेकंदांहून लांब होती.

"मग… कळलं असेल तुला."

"कधीपासून?"

"दुसऱ्यांदा… विवरात उतरलो… तेव्हापासून."

तिला पुढचं सांगायची गरज नव्हती. चंद्रावरच्या धुळीबद्दल केंद्रातल्या प्रत्येकाने पाठ केलं होतं. आपल्या मातीचे कण वाऱ्याने, पाण्याने घासून गुळगुळीत झालेले असतात. चंद्रावर ना वारा, ना पाणी. तिथला कण म्हणजे काचेचा ताजा चुरा. सूर्याच्या माऱ्याने विद्युतभारित झालेला, त्यामुळे लागेल त्याला चिकटणारा. पोशाखाच्या कापडात बारीक तारा विणलेल्या होत्या, त्यांतून विजेचा झटका दिला की धूळ उडून जाते. पण जिथे अब्जावधी वर्षं ऊन पडलेलं नाही, त्या विवराच्या तळाशी थंडी अशी की तारा कडकडून तुटल्या असाव्यात. ती धूळ पोशाखाबरोबर खोपीत आली. खोपी म्हणजे त्यांचा राहण्याचा डबा. नाव श्रीरंगनेच ठेवलेलं. आणि चंद्रावर वजन सहावा हिस्सा, म्हणून श्वासाबरोबर गेलेला कण वरच्या नळ्यांत बसत नाही. पार तळाशी जातो.

"ऑक्सिजनची पातळी बरी दाखवतेय रोज," ती म्हणाली.

"खोपीतल्या हवेत… ऑक्सिजन जास्तच ठेवतात, ताई. बसल्या जागी… आकडा बरा येतो."

"आणि डॉक्टर तांबोळी? त्या रोज बोलतात तुझ्याशी!"

तो हसला. हसण्याचं पर्यवसान खोकल्यात झालं.

"पहिल्या दिवशी… मला वाक्य पुरं करता येईना. म्हटलं, संपलं. तर त्या म्हणाल्या… छान. तेव्हा कळलं, की माझं वाक्य… तू पुरं करतेयस."

सुनीतीने टेबलाची कड धरली.

"उद्या शेवटचं उतरणं आहे," तो म्हणाला. "लीना खाली जाईल… तळातल्या बर्फाचा गाभा नमुन्यासाठी वर काढेल. मी वरून… दोर सांभाळायचा. एवढंच. हा बर्फ मिळाला… तर पुढच्यांना पाणी, हवा, इंधन… सगळं तिथेच. नाही मिळाला… तर ही जागाच रद्द करतील. पुन्हा कोण येतंय?"

"आणि दोर धरून तू कोसळलास तर? लीना त्या काळोखात लटकत राहील."

"नाही कोसळत."

"आत्ता एवढं बोलताना किती वेळा थांबलास!"

"ताई." मग नुसता श्वास. "लहानपणी मी चुकलो… की तू माझ्या वाट्याची ओळ उचलायचीस. अण्णांना… कधी सांगितलं नाहीस. आणखी एकदाच उचल."

शांतता चंद्रापर्यंत गेली आणि परत आली.

"तू स्वतः सांग," ती शेवटी म्हणाली. "उद्या सकाळच्या तपासणीत. तुझ्या तोंडून. मी मध्ये पडत नाही. वचन दे."

"बरं," तो म्हणाला. फार लवकर म्हणाला, असं तिला वाटलं. पण तिने विश्वास ठेवला. बहिणी ठेवतात.

---

सकाळी नियंत्रणकक्ष गजबजला होता. भिंतीवरच्या पडद्यावर विवराची काळी कड, तिच्यावर बसवलेला दोराचा रहाट आणि दोन पांढऱ्या आकृत्यांची लगबग. मोहिमेचे प्रमुख हेमंत वळसंगकर एका पायावर दुसरा पाय घासत उभे होते. ताण आला की त्यांचं तसं व्हायचं.

"सुनीतीबाई, कालचं कीर्तन देशभर गाजतंय," ते म्हणाले. "आता पुढच्या मोहिमेला नाही म्हणायची छाती आहे का कुणाची?"

सुनीती आपल्या जागेवर बसली. झील सुरू होती.

डॉक्टर रुखसाना तांबोळींनी आधी लीनाशी बोलून घेतलं. लीना फर्नांडिस मूळची मडगावची, मोहिमेची कमांडर. "डॉक्टर, मी फर्स्ट क्लास. श्रीरंग दोर धरणार म्हणून तेवढी भीती. काल माझा चहा सांडला त्याने!" कक्षात सगळे हसले.

"श्रीरंग," डॉक्टर म्हणाल्या, "रात्री झोप कशी लागली? खोकला, धाप, काही?"

उत्तर लगेच आलं, मोकळ्या, खणखणीत आवाजात. "काही नाही डॉक्टर, मस्त झोप झाली, मी ठणठणीत आहे. लवकर सोडा आम्हाला, ऊन निघून चाललंय!"

"छान," डॉक्टर म्हणाल्या आणि वळसंगकरांकडे पाहून त्यांनी मान हलवली.

सुनीतीच्या कानात मात्र कच्चा आवाज होता. त्यात एवढंच होतं: काही नाही… मी… मस्त. आणि खोकला.

पडद्यावर लीनाने दोराची कडी कमरेला अडकवली. तिच्या मागे, रहाटाशी, श्रीरंग उभा होता. झीलकऱ्याच्याच जागी.

आयुष्यभर सुनीतीने एक गोष्ट कधी केली नव्हती. समोरचा गात असताना झील सोडली नव्हती. तिचा हात झील बंद करण्याच्या कळीवर गेला, तिथेच थांबला. एक कळ दाबली की भाऊ गमावायचा. जिवानिशी नव्हे, तिच्याकडे बघून हसणारा भाऊ. न दाबली तर…

तिने कळ दाबली.

"डॉक्टर, पुन्हा विचारा त्याला. झील काढलीय मी."

"म्हणजे?" वळसंगकर वळले. "आत्ता? लीना उतरतेय!"

"उतरू देऊ नका. डॉक्टर, प्लीज. विचारा."

डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माइक ओढला. "श्रीरंग, तुमचं नाव, गाव आणि आजचं काम, एका दमात सांगा."

तीन सेकंद. कक्षातल्या लोकांना त्या शांततेची सवयच राहिली नव्हती. कुणीतरी "संपर्क तुटला की काय" म्हणालं.

मग भिंतीवरच्या स्पीकरमधून तो आवाज आला. तोच श्वास, वाळक्या पातेऱ्यावरचा.

"श्रीरंग… त्र्यंबक…" खोकला. "आंबे…"

पुढे काही नाही. अख्खा कक्ष त्या तुटलेल्या नावाकडे कान लावून उभा होता.

"लीना, कडी सोड," डॉक्टर तांबोळी म्हणाल्या. आवाज शांत होता. "कुणीही उतरत नाही. त्याला खोपीत ने, मास्क लाव. हेमंत, मी याला एक दिवसही तिथे ठेवणार नाही."

"गाभा खालीच आहे, डॉक्टर! उद्या विवराच्या कडेवर सावली येईल, मग महिनाभर…"

"तर राहू दे खाली."

पडद्यावर रहाटाजवळच्या पांढऱ्या आकृतीने मान वर केली. कॅमेऱ्यात पाहिलं. काचेच्या सोनेरी मुलाम्यामागे चेहरा दिसत नव्हता. बोलली ती लीना, अगदी हळू. "सुनीतीबाय, तुका माहीत होतं? कालपासून?"

सुनीतीने कानातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तिला माहीत होतं.

---

अण्णांना तिने स्वतः जाऊन सांगितलं. ते ओटीवर टाळांच्या दोऱ्या बदलत होते. सगळं ऐकून घेईपर्यंत हात थांबले नाहीत. मग थांबले.

"म्हणजे काल माझ्या मागे कोण गात होतं?"

"तुम्हीच, अण्णा. तुम्ही आणि मी. जुन्या टेपांवरचे. आवाजाचा रंग फक्त त्याचा."

अण्णांनी एक टाळ उचलून उपरण्याने पुसला.

"आणि मी आरशाची गोष्ट सांगत होतो," ते म्हणाले. "तीही आरशासमोर उभा राहून."

"तुम्हीच शिकवलं होतंत, कळू द्यायचं नाही म्हणून." तिला रडू आलं. चाळिशीतली बाई, पण ओटीवर बसून लहान मुलीसारखी रडली. "मी तेच केलं."

"श्रोत्यांना कळू द्यायचं नाही, सुने. बुवाला कळतंच!" अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मागून झील लवकर आली, की मला समजायचं, आपला दम संपत आलाय, सांभाळ. तूच तर ती खूण द्यायचीस मला. तुला वाटायचं तू झाकतेयस. तू मला सांगत असायचीस." मग थोडं थांबून म्हणाले, "मीच अर्धं शिकवलं. अर्ध्याच वाक्यावर शाबासकी देऊन मोकळा झालो."

त्यांनी टाळ गुंडाळून फडताळात ठेवले. रामापुढे निरांजन लावलं. समोर उभे राहिले, तोंड उघडलं. पण त्या दिवशी त्यांना पद सुचलं नाही.

---

दोघांना घेऊन यान चंद्रावरून उठलं तेव्हा गाभा विवरातच राहिला होता. उड्डाणाचा दाब फुप्फुसं सोसतील की नाही, हे डॉक्टरांनी कुणालाच सांगितलं नाही. त्यांनाही ठाऊक नव्हतं. वर कक्षेत फिरणारं, डॉक्टर असलेलं मोठं यान गाठायला चंद्राच्या पाठीमागून जावं लागणार होतं. तिथून संदेश येत नाही. मधे अख्खा चंद्र असतो.

भिंतीवरची आवाजाची रेषा सपाट झाली.

"बोलायला हवं होतं आतापर्यंत," वळसंगकर म्हणाले. ते सकाळपासून सुनीतीशी एक अक्षर बोलले नव्हते, आत्ताही भिंतीशीच बोलत होते.

सुनीतीच्या पडद्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक प्रश्न लुकलुकत होता: संपर्क नाही. आवाज भरायचा का? यंत्र तयार होतं. त्याच्यापाशी श्रीरंग होता. हसणारा, ठणठणीत, समेवर येणारा. एक बोट लावायचा अवकाश.

तिने तो प्रश्न मिटवला, हात मांडीवर ठेवले आणि मनातल्या मनात नाम घेत ती रिकामी रेषा ऐकत बसली. मागच्या रांगेतून डॉक्टर तांबोळी उठून तिच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांचेही ओठ हलत होते.

रेषा थरथरली. खरखर झाली. आधी लीनाचा आवाज, "पोचलो… जोडणी झाली," आणि कक्षात कुणीतरी हुंदका दिला. मग काहीच नाही. मग एक खोकला, लांब, ओला, कुरूप. आणि त्याच्यामागून, ओढत ओढत, तो.

"ताई…"

ती माइककडे झुकली. "बोल. ऐकतेय."

तीन सेकंद. तिने ते पुरते जाऊ दिले.

"मला… तुझ्याशी…" श्वास. "बोलायचं…" श्वास. "नाहीये."

सुनीतीने डोळे पुसले आणि डॉक्टरांकडे वळली.

"एका वाक्याला दोनदा श्वास घेतला," ती म्हणाली. "आणि शेवटचा ओला होता. तिथल्या डॉक्टरांना लगेच कळवा."